लाल ठिपका

वाशीम जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगाला मानोरा हे तालुक्याचे गाव वसले आहे. या मुलखात टेकड्या आहेत, परंतु त्या फार उंच नाहीत. नदीनाले आहेत, परंतु ते बारा महिने दुथडी भरून वाहत नाहीत. काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते. मृग नक्षत्र लागले, की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि पोळा होईपर्यंत ते तिकडेच असतात. तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत दूरदूरची माणसे या बाजूला येतात. एरवी हा मुलूख आपल्या कामात मग्न असतो.

या तालुक्यातून अरुणावती नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू आणि गोटे दिसतात, कोठे एखाद्या डोहात पाणी साचून राहते. पावसाळ्यात मात्र तिला गढूळ पूर येतो आणि काठावरची मुले तो पाहण्यासाठी धाव घेतात. अशा गावच्या मुलांना कड्यावरून कोसळणारे पाणी ही मोठी अपूर्वाईची गोष्ट वाटावी, यात नवल नाही.

गावातील एका शाळेत एक गुरुजी एकोणतीस वर्षे भूगोल शिकवीत होते. त्यांच्या वर्गात भिंतीवर नद्यांचा एक जुना नकाशा टांगलेला असे. त्याच्या कडा कापडी पट्टीने शिवलेल्या होत्या आणि घड्यांवरचा रंग उडाला होता. त्या नकाशात गोदावरीच्या खोऱ्यातील नद्या निळ्या रेघांनी दाखविलेल्या होत्या. सहस्रकुंडाचा धबधबा मात्र दाखविलेला नव्हता. ती उणीव गुरुजींनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी भरून काढली. तांबड्या शाईची दौत आणून त्यांनी पैनगंगेच्या निळ्या रेघेवर एक टपोरा ठिपका दिला. दरवर्षी पावसाळ्यात नद्यांचा धडा आला, की ते छडीचे टोक त्या ठिपक्यावर ठेवीत आणि म्हणत, "मुलांनो, हा सहस्रकुंडाचा धबधबा. आपली अरुणावती पैनगंगेला मिळते, आणि तेच पाणी पुढे या कड्यावरून उडी घेते. तुम्ही ज्या पाण्यात पाय बुडविता, तेच पाणी तेथे गर्जना करते!"

हे ऐकताना मुलांचे चेहरे उजळत. आपल्या गावच्या नदीचा एवढा पराक्रम आहे, हे ऐकून कोणाची छाती फुगणार नाही? पहिला पूर आला, की ती वहीच्या पानांच्या होड्या करीत आणि "सहस्रकुंडाला जा!" असे ओरडून त्या अरुणावतीत सोडून देत. एकोणतीस वर्षांत किती होड्या गेल्या, याची गणती कोणी केली नाही.

गुरुजींनी स्वतः मात्र तो धबधबा कधीच पाहिला नव्हता. आरंभीची वर्षे धाकट्या बहिणींच्या लग्नात गेली, पुढची स्वतःच्या मुलांच्या शिक्षणात गेली. सुटी आली, की घराची शाकारणी किंवा शेताची पेरणी पुढे उभी राही. आता पुढच्या मे महिन्यात ते सेवेतून निवृत्त होणार होते. नद्यांचा धडा शिकविण्याची ही शेवटची वेळ, हे ध्यानात येताच त्यांना मनातून अवघडल्यासारखे झाले. ज्या पाण्याचे आपण एवढे गुणगान केले, त्याचे दर्शनही न घेता फळ्याचा निरोप घ्यावा, हे त्यांना बरे वाटेना. सहकाऱ्यांनी मोटार करून सगळ्यांनी मिळून जाऊ, असा बेत सुचविला. गुरुजींनी हसून नकार दिला. मंडळींच्या गप्पागोष्टींत पाणी दिसते खरे, पण ऐकू येत नाही, असे ते म्हणाले.

श्रावणातील एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते एकटेच निघाले. खांद्याला शबनम पिशवी, तीत शिदोरी, एक घडीचा नकाशा आणि धुऊन स्वच्छ केलेली काचेची एक बाटली. मुलांना दाखविण्यासाठी त्या बाटलीत धबधब्याचे पाणी आणावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. दिग्रस, पुसद अशी गावे मागे टाकीत एस.टी.ने ते उमरखेडला पोहोचले आणि रात्री एका स्नेह्याच्या घरी उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ढाणकीच्या बाजूने जाणारे एक वाहन मिळाले. धबधब्याच्या दीड कोस अलीकडे गुरुजींनी ते सोडले. उरलेली वाट पायी चालून जावयाची, हे त्यांनी आधीच ठरविले होते.

येथून वाटेचे रूप पालटले. दोन्ही बाजूंची कपाशीची शेते हळूहळू विरळ झाली आणि सागाची झाडे दिसू लागली. यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेचे अभयारण्य आहे आणि त्याच्या परिसरातील वनांत सागाचे राज्य आहे. श्रावणात साग फुलतो. त्याच्या माथ्यावर पांढुरक्या फुलांचे मोठाले तुरे डोलत होते आणि खाली वाटेवर त्या बारीक फुलांचा सडा पडला होता. गुरुजींनी सागाचे एक कोवळे पान तोडून तळहातावर चोळले. हिरव्या पानातून तांबडा रंग उतरला. बालपणी आजोळच्या रानात हाच खेळ ते खेळत असत. एका क्षणात मधली पन्नास वर्षे गळून पडली.

एकट्याने चालण्याचा एक लाभ असा, की माणसाची पावले त्याच्या मनाच्या गतीने पडतात. कोणासाठी थांबावे लागत नाही, कोणाच्या मागे धावावे लागत नाही. धावडा, मोह, तेंदू, पळस अशी ओळखीची झाडे भेटली, की गुरुजी क्षणभर उभे राहत. पळसाची पाने पावसाने धुऊन लखलखत होती. कोठे भारद्वाजाचा घुमारा ऐकू येत होता. वाटेत एक ओहोळ आडवा आला. पाणी घोट्याएवढेच होते, तरी त्यांनी काठीने तळ चाचपून पाहिला आणि मगच पाऊल टाकले. एकट्या वाटसरूला सोबत नसते. म्हणून त्याने आपली सावधगिरीच सोबतीला घ्यावी, हे त्यांना ठाऊक होते.

पाऊण कोस चालून झाल्यावर कानांवर एक गंभीर नाद येऊ लागला. प्रथम त्यांना तो वारा वाटला, परंतु पाने हालत नव्हती. मग दूरवरून आगगाडी येत असावी असे वाटले, परंतु गाडी येते आणि निघून जाते. हा नाद येतच राहिला. एका वळणावर झाडी दूर झाली आणि पैनगंगा समोर आली.

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी केवढी वाट चालून येथे आलेली असते! वाटेत इसापूरच्या धरणाने तिला अडविलेले असते. येथे येताच तिच्या पायाखालचा कातळ एकाएकी खाली उतरतो आणि सारी नदी अनेक धारांनी खाली उडी घेते. एक धार रुंद, पडद्यासारखी. दुसरी दोन खडकांच्या फटीतून जोराने उसळणारी. तिसरी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी. सह्याद्रीच्या कड्यांवरून पडणाऱ्या धबधब्यांशी तुलना केली, तर या पाण्याची उंची काहीच नाही. परंतु तेथे एखादा ओढा पडतो, आणि येथे संपूर्ण नदी पडते. तुषारांचे धुके वर चढत होते आणि ऊन पडताच त्यात इंद्रधनुष्याचा एक तुकडा उमटत होता व नाहीसा होत होता.

गुरुजी काठापासून बरेच अलीकडे एका कोरड्या खडकावर बसले. शेवाळलेल्या कातळावर उतरण्याचा मोह त्यांनी टाळला. पुष्कळ वेळ ते नुसते पाहत राहिले. भूगोलाची परिभाषा त्यांच्या मनात आपोआप जागी झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोटामागून लोट आले, थरावर थर थिजत गेले आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भूमीचा काळा कातळ तयार झाला. असा कातळ कोठे कठीण असतो, कोठे ठिसूळ. नदी ठिसूळ भाग आधी झिजविते, कठीण भाग मागे उरतो आणि धबधबा जन्मास येतो. पात्रातील गोटे पुरात भोवऱ्यासारखे गरगर फिरतात आणि खडकाला भोक पाडतात. त्यातून रांजणखळगे तयार होतात. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे गुरुजींनी चित्रात पाहिले होते. येथल्या कातळात नदीने कोरलेली अशी लहानमोठी कुंडे पाहिली, म्हणजे 'सहस्रकुंड' या नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. गोट्यापाशी धार नसते, घण नसतो. केवळ फिरत राहण्याच्या चिकाटीवर तो खडकाला नमवितो.

नदीच्या पैलतीराकडे पाहताना त्यांना इतिहासही आठवला. हा तीर विदर्भाचा, तो मराठवाड्याचा. एके काळी या नदीच्या अलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड होते आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. १९४८ साली ते संस्थान भारतात आले, १९५६ साली दोन्ही तीर एका राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. माणसांनी नदीला सीमा केले; पण नदी मात्र दोन्ही तीरांची माती एकाच ओंजळीत घेऊन चालली होती.

थोड्या वेळाने गुरुजी उठले आणि धबधब्याच्या खालच्या बाजूला, जेथे पात्र पसरून पाणी शांत झाले होते, तेथपर्यंत काठाकाठाने गेले. तेथे एक वृद्ध मनुष्य खडकावर बसून आपले फाटलेले जाळे शिवीत होता. गुरुजींनी वाकून बाटली पाण्यात धरली. म्हाताऱ्याने विचारले, "कोन्या गावचे, भाऊ?"

"मानोऱ्याचा. शाळेत शिकवितो, बाबा."

"अन् हे पानी कायले नेता, गुरुजी?"

गुरुजी अभिमानाने म्हणाले, "मुलांना दाखवायला. हे आमच्याच गावचे पाणी आहे. आमची अरुणावती पैनगंगेला मिळते ना, तेच पाणी या कड्यावरून पडते."

म्हाताऱ्याने हातातली सुई थांबविली. तो हसला नाही. समजूत घालावी अशा सुरात तो म्हणाला, "नाही, गुरुजी. हे पानी तुमच्या गावचं नाही. तुमची अरुणावती आर्णीवरून जाते, अन् लई खाली या नदीले भेटते. हे पानी आधी इथून पडते, मंग तिकडं जाते. तुमचं पानी इथं कसं येईन? पानी का वर चढते?"

गुरुजी क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांना वाटले, हा निरक्षर मनुष्य. याला काय ठाऊक? त्यांनी पिशवीतून नकाशा काढला आणि खडकावर पसरला. पैनगंगेच्या रेघेवर बोट ठेवून ते उगमापासून खाली येऊ लागले. इसापूर आले. उमरखेडची बाजू आली. मग ते जेथे बसले होते, ती जागा आली. अरुणावतीची रेघ अजून मिळाली नव्हती. बोट पुढे सरकले आणि माहूरचा प्रदेश आला, तरीही मिळाली नव्हती. दिग्रस, आर्णी ओलांडून, यवतमाळ जिल्ह्यातून उतरणारी ती रेघ किती तरी पुढे गेल्यावर पैनगंगेच्या खोऱ्यात एक होत होती. म्हातारा अक्षर वाचू शकत नव्हता. पण त्याने नदी वाचली होती. जाळे खांद्यावर टाकून तो काठाकाठाने खालपर्यंत गेला होता. "म्या पायानं पाह्यलं हाय," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा जाळे शिवू लागला.

मग वर्गातील नकाशावरचा ठिपका? तो तर गुरुजींनी स्वतःच्या हाताने दिला होता. तरुणपणी दोन गोष्टी त्यांनी पुस्तकात वाचल्या होत्या : अरुणावतीचे पाणी पैनगंगेत जाते, आणि सहस्रकुंड पैनगंगेवर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दोन सत्यांना जोडून त्यांनी तिसरी गोष्ट तयार केली, आणि तीच तेवढी खोटी होती. आधी काय आणि नंतर काय, हे विचारावयाचे राहून गेले होते. मनाला जे गोड वाटले, तेथेच शाईचा थेंब पडला.

हे एवढेच असते, तरी मनाला चुटपूट लागलीच असती. परंतु गुरुजींना त्याच वेळी दुसरी एक आठवण झाली, आणि त्यांचे पाय जड झाले.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नद्यांचा धडा चालला होता. मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. तिचे आजोळ आर्णीचे. ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या मामांच्या गावावरून अरुणावती जाते. मामा म्हणतात, सहस्रकुंड पैनगंगेच्या वरच्या अंगाला आहे. अरुणावती त्याच्या खाली मिळते. मग आपले पाणी त्या कड्यावरून कसे पडेल?"

प्रश्न सरळ होता. त्या वेळी नकाशावर एकदा बोट फिरविले असते, तर उत्तर मिळाले असते. पण घंटा होण्याची वेळ झाली होती, धडा रंगात आला होता, आणि ठिपका वर्षानुवर्षे त्याच जागी होता. गुरुजी म्हणाले, "अगं, नकाशा मोठा की तुझे मामा मोठे?" सारा वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली. त्यानंतर त्या वर्षभरात तिने वर्गात हात वर केल्याचे गुरुजींना आठवत नव्हते.

पाण्याचा नाद चालूच होता. परंतु गुरुजींना आता त्यात तो हशा ऐकू येत होता.

परतीच्या वाटेवर त्यांना किंथुपची गोष्ट आठवली. ती गोष्ट ते दरवर्षी मुलांना मोठ्या रसाने सांगत. सिक्कीमचा हा किंथुप निरक्षर होता. तिबेटातील त्सांगपो आणि आसामातील ब्रह्मपुत्रा ही एकच नदी आहे काय, याचा शोध घेण्यासाठी १८८० साली त्याला एका सोबत्याबरोबर पाठविण्यात आले. सोबत्याने त्याला गुलाम म्हणून विकले. तो तेथून निसटला आणि घरी न पळता नदीच्याच शोधात पुढे गेला. खुणा केलेले पाचशे ओंडके त्याने रोज पन्नास याप्रमाणे त्सांगपोत सोडले. खाली आसामात ते कोणी पाहावेत, यासाठी त्याने निरोप धाडला होता. परंतु तो योग्य हाती पोहोचलाच नाही आणि ओंडके कोणी न पाहताच वाहून गेले. १८८४ साली तो परतला, तेव्हा त्याच्या सांगण्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. त्याने तोंडी सांगितलेला वृत्तांत दुसऱ्याने लिहून घेतला आणि त्या लिहिण्यात एका लहान ओढ्यावरचा धबधबा मुख्य नदीवर जाऊन बसला. पुढे १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्या दुर्गम प्रदेशात गेले, तेव्हा किंथुपने सांगितलेली वाट बहुतांशी अचूक होती, असे आढळले. चूक लिहिणाऱ्याच्या हातून झाली होती.

ही गोष्ट सांगताना गुरुजींचा कंठ दाटून येई. "पाहा मुलांनो," ते म्हणत, "ज्याने पायांनी वाट तुडविली, त्याचे कोणी ऐकले नाही!" आणि त्याच तोंडाने त्यांनी त्या मुलीला विचारले होते, नकाशा मोठा की मामा मोठे? लिहिणाऱ्याच्या चुकीने धबधबा भलत्या जागी बसला, ही गोष्ट ते ज्या भिंतीजवळ उभे राहून सांगत, त्याच भिंतीवर त्यांचा स्वतःचा तांबडा ठिपका होता. दुसऱ्याच्या कथेतील दोष किती लवकर दिसतो! स्वतःचा दोष डोळ्यांपुढे टांगलेला असला, तरी दिसत नाही.

सागाच्या वनातून चालताना गुरुजींच्या मनाने आणखी एक वाट दाखविली. ही वाट सोपी होती. ही चूक कोणाला ठाऊक आहे? जाळे शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, आणि आपल्याला. आठ-नऊ महिन्यांनी निवृत्ती. धडा नेहमीप्रमाणे शिकवावा, बाटली दाखवावी, मुले आनंदित होतील. आपल्या नदीचा अभिमान वाटणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. मग एका ठिपक्यासाठी एकोणतीस वर्षांच्या शिकवणीवर आपल्याच हाताने पाणी का ओतावे?

ते ओहोळापाशी आले. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी आता पोटरीपर्यंत चढले होते. वर कोठे तरी सर आली असावी. त्यांनी सकाळप्रमाणेच काठी पुढे केली आणि तळ चाचपला. सकाळी जेथे दगड होता, तेथे आता खळगा लागला. सकाळच्या आठवणीवर विसंबून पाऊल टाकले असते, तर तोल गेला असता. थोडे वर जाऊन त्यांनी पुन्हा तळ चाचपला, घट्ट दगड मिळाला, आणि ते पार झाले. पलीकडे गेल्यावर ते काही वेळ उभे राहिले. मनाचा निश्चय झाला होता.

सोमवारी वर्ग भरला. गुरुजींनी टेबलावर बाटली ठेवली. त्यांनी धबधब्याचे सारे वर्णन केले : सागाचा फुलोरा, दुरून येणारा नाद, अनेक धारांनी पडणारी नदी, गोट्यांनी कोरलेले खळगे. मुले तल्लीन होऊन ऐकत होती. एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे आपल्या अरुणावतीचेच पाणी ना?"

गुरुजी म्हणाले, "नाही. ते मी तुम्हांला चुकीचे सांगितले होते."

वर्गात शांतता पसरली. गुरुजींनी एका मुलाला नकाशाजवळ बोलावले आणि त्याचे बोट पैनगंगेच्या रेघेवर उगमापासून फिरवावयास लावले. योग्य जागी बोट येताच त्यांनी दौत पुढे केली. "येथे ठिपका दे," ते म्हणाले. मुलाने थरथरत्या हाताने नवा ठिपका दिला. मग जुना ठिपका खरवडून काढण्यासाठी तो चाकू मागू लागला. गुरुजी म्हणाले, "नको. तो तसाच राहू दे. त्याच्यावर एक रेघ मार, म्हणजे झाले. चूक कोठे होती, हेही नकाशात दिसले पाहिजे."

मग त्यांनी त्या मुलीची गोष्ट सांगितली. नाव सांगितले नाही. पण तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, आपले उत्तरही जसेच्या तसे सांगितले. या वेळी वर्गात कोणी हसले नाही. एका मुलाने खिन्न होऊन विचारले, "मग आमच्या होड्या सहस्रकुंडाला गेल्याच नाहीत?"

"सहस्रकुंडाला गेल्या नाहीत," गुरुजी म्हणाले, "पण त्यांची वाट त्याहून लांब आहे. अरुणावतीचे पाणी खाली पैनगंगेत जाते. तेथे या बाटलीतले पाणी आणि आपले पाणी एक होते. पुढे पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि गोदावरी समुद्राला मिळते. खोट्या धबधब्यापेक्षा खरा समुद्र काय वाईट?"

त्यानंतर वर्गात एक लहानसा बदल झाला. मुले अधिक प्रश्न विचारू लागली. काही प्रश्न वेडेवाकडे असत, काहींनी धडा रेंगाळे. परंतु गुरुजी प्रत्येक वेळी नकाशाकडे जात, प्रश्न विचारणाऱ्याला जवळ बोलावीत आणि त्याचेच बोट रेघेवर ठेवीत.

आठवडी बाजाराच्या दिवशी गुरुजींना त्या मुलीचे वडील भेटले. पोळा जवळ आला होता आणि ते बैलांसाठी झुली आणि घुंगरमाळा पाहत होते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती आणि तेथे एका शाळेतच शिकवीत होती. गुरुजींनी त्यांना बाजूला घेतले. काय म्हणावे, हे त्यांनी मनात पुष्कळ जुळविले होते. परंतु ऐन वेळी ते सारे विसरले.

"पोरीला माझा एक निरोप सांगाल?" ते म्हणाले. "म्हणावे, मामांचेच बरोबर होते."

वडिलांना त्यातले काही कळले नाही. तरी त्यांनी मान डोलावली आणि निरोप पोहोचविण्याचे कबूल केले. चार दिवसांनी मुलीचा दूरध्वनी आला, तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा सांगितला. पलीकडून काही वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "बाबा, गुरुजींना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा, की आता माझ्या वर्गात कोणी हात वर केला, तर मी आधी नकाशाकडे जाते."

पुढच्या मे महिन्यात गुरुजी निवृत्त झाले. तो नकाशा अजून त्या भिंतीवर आहे. पैनगंगेच्या निळ्या रेघेवर त्यात दोन तांबडे ठिपके दिसतात. खालचा टपोरा आहे, पण त्याच्यावर आडवी रेघ ओढलेली आहे. वरचा थोडा वाकडातिकडा आहे, कारण तो एका मुलाच्या थरथरत्या हाताने दिलेला आहे. नवीन मुले वर्गात आली, की त्या दोन ठिपक्यांचा अर्थ विचारतात. आणि मोठी मुले त्यांना तो सांगतात.